रेडिओ सगळ्यात शेवटी: क्वार्टर स्केल कबची शेपूट बसवताना

माळावर कुणी रेडिओवर उडणारं नवं मोठं मॉडेल विमान घेऊन आलं की मी आधी त्याच्या शेपटीकडे जातो. सर्व्हो (शेपटीचे भाग हलवणारी छोटी मोटर) चालू ठेवायला सांगतो, एलिव्हेटरची (शेपटीच्या वर-खाली हलणाऱ्या आडव्या पाटीची) मागची कड दोन बोटांत धरतो आणि हलकेच वर-खाली करतो. कड दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हलली, तर आज हे उडवू नका म्हणून सांगतो. लोकांना राग येतो. माझ्या पहिल्या मोठ्या विमानाच्या वेळी मला कुणी असं म्हटलं असतं तर मलाही आलाच असता, पण तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या उड्डाणात विमान वरून जरा वेगानं खाली आणत होतो आणि मागून ‘घर्रर्र’ असा आवाज आला, मोटरसायकलच्या सायलेन्सरचा नट सैल झाल्यावर येतो तसा. मला वाटलं इंजिनाचा असेल. दोन सेकंदांत डावा एलिव्हेटर सुटला आणि कटलेल्या पतंगासारखा गिरक्या घेत खाली आला. उरलेल्या उजव्या अर्ध्यावर विमान कसंबसं ज्वारीच्या शेतात उतरलं.

नंतर हातात घेऊन पाहिलं. बिजागऱ्या तिन्ही शाबूत होत्या, फक्त लाकडातून अलगद निघून आल्या होत्या. गोंद आत गेलाच नव्हता. हॉर्नचं (एलिव्हेटरवरच्या, जोडणी अडकवायच्या उभ्या पट्टीचं) भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं. दोन्ही चुका माझ्या, आणि दोन्ही घरी टेबलावर पाच मिनिटांत सापडल्या असत्या.

या प्रकाराला सगळे ‘फ्लटर’ म्हणतात. ढिली कड हवेच्या झोतात थरथरायला लागते आणि प्रत्येक हेलकाव्याला हवाच तिला आणखी जोर देते, त्यामुळे थरथर आपोआप वाढत जाते. जोडणीतली ढिलाई, बिजागरीजवळची रुंद फट, कमी ताकदीचा सर्व्हो, वाकणारा पुशरॉड (सर्व्होपासून हॉर्नपर्यंतची सळई) आणि मागे जड झालेला एलिव्हेटर ही त्याची नेहमीची कारणं. यातलं एकही कारण ट्रान्समीटरच्या (हातातल्या रेडिओच्या) पडद्यावर दुरुस्त होत नाही. नवा माणूस मात्र विमान जोडलं की पहिल्यांदा ट्रान्समीटर हातात घेतो आणि सबट्रिमनं (सर्व्होचा मध्य सरकवणाऱ्या सेटिंगनं) वाकडं सरळ करत बसतो. माझा क्रम उलटा आहे. आधी दोरा, गुण्या आणि ओळंबा, मग गोंद, मग केबल. रेडिओ सगळ्यात शेवटी.

विमान कोणतं

खालचं सगळं मी माझ्या पायपर जे-३ कबच्या एक चतुर्थांश मापाच्या मॉडेलवर केलेलं आहे. अमेरिकेत १९३८ ते १९४७ या काळात बनलेलं ते पिवळं, दोन माणसांचं विमान. खऱ्याचे पंख १०.७४ मीटर आणि लांबी ६.८३ मीटर, म्हणजे मॉडेलचे पंख जवळजवळ २.७ मीटर आणि लांबी १.७ मीटर. माझं साडेसात किलोच्या आसपास भरतं आणि २६ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याला पुरून उरतं. बाल्सा (अगदी हलकं, मऊ लाकूड) आणि प्लायचं दुसरं कुठलंही मोठं मॉडेल असेल, तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात. जिथे होत नाहीत तिथे तसं सांगतो.

सर्व्हो कुठे बसवायचे, हे आधी ठरवा

कबचं नाक आखूड आणि शेपूट लांब. माझ्या मॉडेलमध्ये तोलबिंदूपासून (सीजीपासून) इंजिनाच्या फळीपर्यंत ३५ सेंटिमीटर आणि शेपटीपर्यंत ११५. म्हणजे शेपटीत घातलेल्या प्रत्येक ग्रॅमला नाकात तीन ग्रॅमहून जास्त उत्तर द्यावं लागतं. शेपटीत ६० ग्रॅमचे दोन सर्व्हो, त्यांच्या लांब वायरी आणि प्लायचे तुकडे घातले, तर १९० ग्रॅम सहज होतात. त्याची भरपाई म्हणून नाकात सहाशे ग्रॅमच्या वर शिसं. हे शिसं आपण आयुष्यभर हवेत वाहून नेणार, आणि उतरताना त्याचा हिशेब चाकं चुकती करणार.

म्हणून कबमध्ये सर्व्हो केबिनमध्येच, तोलबिंदूच्या जवळ बसवा आणि शेपटीपर्यंत केबल न्या. खऱ्या कबमध्येही रडर (शेपटीची डावी-उजवीकडे वळणारी उभी पाटी) आणि एलिव्हेटर केबलवरच चालतात, त्यामुळे दिसायलाही शोभतं. ५० सीसीच्या कसरतीच्या विमानात गणित वेगळं असतं. तिथे नाकात जड इंजिन असतं आणि एलिव्हेटरला ४० अंशांपर्यंत झटके द्यायचे असतात, म्हणून सर्व्हो शेपटीत आणि पुशरॉड बोटभर हेच योग्य. तसं करणार असाल तर वायर २२ गेजची पीळ दिलेली घ्या आणि मधला कनेक्टर दोऱ्यानं बांधा. नुसता खुपसलेला कनेक्टर इंजिनाच्या थरथरीनं कधीतरी निघतोच.

माझ्या कबवर एलिव्हेटरच्या दोन्ही अर्ध्यांना वेगवेगळे सर्व्हो आहेत आणि रडरला तिसरा. एकाच सर्व्होवर दोन्ही अर्धे चालतात, पण तो एक गेला की सगळंच गेलं. दोन असले की एक मेला तरी उरलेल्यावर विमान जमिनीवर आणता येतं. हा धडा मला ज्वारीच्या शेतात मिळाला.

दोरा, पाणसळ, ओळंबा

शेपूट कोरडीच बसवा, गोंद न लावता. इंजिनाच्या फळीवर बरोबर मध्यभागी एक टाचणी टोचा. तिथून स्टॅबच्या (शेपटीच्या आडव्या, स्थिर पाटीच्या) डाव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणा, खूण करा आणि तोच दोरा उजव्या कोपऱ्याला लावून बघा. फरक दोन मिलिमीटरच्या आत हवा. सुतळी ताणली जाते, ती नको. मी केबलच्याच तारेचा तुकडा वापरतो. मग पंखाच्या टोकापासून स्टॅबच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी तसंच मोजा.

आता पंख जोडा, पंखाच्या मधोमध पाणसळ ठेवून तो आडवा करा, आणि विमानाच्या मागे दहा-बारा फुटांवर उकिडवे बसून एक डोळा मिटून बघा. स्टॅबची रेष पंखाच्या रेषेला समांतर दिसायला हवी. नजर या कामात फार तरबेज असते. एक मिलिमीटरचा तिरकेपणाही तिला खटकतो, मग पट्टी लावून खात्री करून घ्यायची. फिनसाठी (शेपटीच्या उभ्या, स्थिर पाटीसाठी) गवंड्याचा ओळंबा लावा. वर टेप, खाली नट बांधलेला दोरा, एवढंही पुरतं. फिन आणि स्टॅबच्या कोपऱ्यात गुण्या लावून बघा. स्टॅब तिरका निघाला तर बसकेच्या उंच बाजूवर सँडपेपर फिरवा, खालच्या बाजूला प्लायचे तुकडे कोंबू नका. घासल्यानं वजन वाढत नाही.

उरला कोन, म्हणजे पंख आणि स्टॅब यांच्या बैठकीतला फरक. फोनमधलं कोनमापक अ‍ॅप यासाठी पुरेसं आहे. कबचा स्टॅब सपाट पाटीसारखा असतो, त्यामुळे फोन सरळ त्यावर ठेवता येतो. पंखाच्या बाबतीत मात्र नवे लोक हमखास फसतात. कबच्या पंखाचा तळ सपाटसर दिसतो म्हणून फोन तळाला लावतात, पण मोजायची असते ती पुढच्या कडेचं टोक आणि मागची कड यांना जोडणारी रेष. लाकडी पट्टी या दोन बिंदूंवर टेकेल अशी बसवा आणि फोन पट्टीवर ठेवा. नकाशात दिलेल्या कोनापेक्षा अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर आत्ताच सुधारा. २५ सेंटिमीटर रुंदीच्या स्टॅबची पुढची कड ४.४ मिलिमीटर उचलली की एक अंश होतो, त्यावरून किती घासायचं ते काढता येतं. खऱ्या कबमध्ये ट्रिमही (विमान आपोआप सरळ उडावं म्हणून करायची बारीक जुळवणी) याच तऱ्हेनं होतो. वैमानिक केबिनमधलं हँडल फिरवतो आणि स्टॅबची पुढची कड एका लांब स्क्रूवर वर-खाली सरकते.

सुटी होणारी शेपूट

किटच्या पुस्तकात बहुतेक वेळा स्टॅब कायमचा चिकटवायला सांगतात. माझा स्टॅब टोकापासून टोकापर्यंत पाऊण मीटरच्या आसपास आहे आणि माझी गाडी छोटी, त्यामुळे मी तो सुटा केला. आरपार दोन नळ्या, पुढची १० मिलिमीटरची आणि मागची ६ मिलिमीटरची, आणि प्रत्येक अर्ध्याला प्लायच्या ठोकळ्यात जाणारा एकेक एम३ स्क्रू. नळ्या बसवताना दोऱ्याची मोजणी पुन्हा करा आणि गोंद पक्का होईपर्यंत तसंच राहू द्या. स्क्रूच्या भोकात आटे पाडून झाले की आत पातळ सीएचा (झटकन चिकटणाऱ्या गोंदाचा) थेंब सोडा, वाळल्यावर आटे पुन्हा साफ करा. लाकडातले आटे त्यानं दगडासारखे होतात. तुम्ही विमान टेम्पोनं नेत असाल तर हा सगळा खटाटोप टाळा. न केलेल्या जोडणीत ढिलाई येत नाही.

बिजागऱ्या

इथे घाई करू नका. कागदासारख्या सपाट सीए बिजागऱ्या छोट्या विमानात उत्तम चालतात, पण या मापाला मी खिळ्यासारख्या, मध्ये सांधा असलेल्या नायलॉनच्या बिजागऱ्याच वापरतो. एलिव्हेटरच्या प्रत्येक अर्ध्याला चार आणि रडरला चार.

दोन्ही कडांवर मध्यरेषा आखा. बॉलपेननं नको, त्याची शाई फिल्मखाली (लाकडावरच्या प्लास्टिकच्या आवरणाखाली) पसरते. बिजागरीच्या जागा खुणा करून आधी २ मिलिमीटरच्या ड्रिलनं भोक पाडा, मग मोठं करा. ड्रिल हातातच धरलं तरी चालतं, बाल्सा लोण्यासारखा असतो. पण त्याच्याच शेजारी गुण्या उभा ठेवा, म्हणजे ड्रिल तिरकं चाललंय का ते दिसतं. भोकाच्या तोंडाशी थोडा खोलगट भाग करा, बिजागरीचा सांधा त्यात बुडायला हवा. असं केलं की बिजागरीचा आस बरोबर कडेच्या रेषेवर येतो आणि फट कमी राहते. सगळे आस एका ओळीत येणं फार महत्त्वाचं. एक जरी वर-खाली झाला तर एलिव्हेटर हलतो, पण अडखळत हलतो, आणि ते अडखळणं सर्व्हो बॅटरीतून वसूल करतो.

आता प्रत्येक सांध्याला टूथपिकच्या टोकानं किंचित व्हॅसलीन लावा. फक्त सांध्याला, दांड्याला नाही. हे विसरलात तर इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) सांध्यात शिरतो आणि बिजागरीचा खिळा होऊन बसतो. ३० मिनिटांचा इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांचा चौथी बिजागरी बसवेपर्यंतच घट्ट व्हायला लागतो. गोंद बिजागरीला लावून ती आत ढकलली तर तो भोकाच्या तोंडाशीच पुसला जातो. माझी पहिली चूक तीच होती. गोंद भोकात सोडा, टूथपिकनं आतल्या भिंतींना सगळीकडे लावा, थोडा दांड्यालाही लावा, मग फिरवत फिरवत आत घाला. बाहेर आलेला गोंद स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. आधी सगळ्या बिजागऱ्या स्थिर भागात बसवा, त्या वाळल्या की दुसऱ्या दिवशी एलिव्हेटर चढवा. एलिव्हेटर चढवल्यावर गोंद ओला असतानाच तो चार-पाच वेळा पूर्ण वर, पूर्ण खाली करा. बिजागऱ्या आपापली जागा शोधतात.

चोवीस तासांनी परीक्षा. प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा काटा मिळतो, तो मी याच कामासाठी घेतला. एलिव्हेटरच्या कडेला, एका बिजागरीच्या समोर, रुंद कापडी पट्टा अडकवा, स्टॅब हातानं धरून ठेवा आणि काट्यानं सरळ मागे ओढा. मी प्रत्येक बिजागरीच्या रेषेत आठ किलोपर्यंत ओढतो. लाकूड कुरकुरलं तर थांबायचं आणि ती बिजागरी परत करायची. पहिल्यांदा ओढताना हात थरथरतो, हे खरं. पण निघायचीच असेल तर ती टेबलावर निघालेली बरी.

फट एक मिलिमीटरच्या आत असेल तरीही ती बंद करा. पारदर्शक फिल्मची किंवा चांगल्या टेपची पट्टी घ्या, एलिव्हेटर पूर्ण वर धरा आणि खालच्या बाजूला उघडलेल्या खाचेत पट्टी आतपर्यंत दाबून दोन्ही काठांना चिकटवा. एलिव्हेटर सरळ असताना चिकटवली तर तो खाली जाईल पण वर जाणार नाही. फट बंद झाली की एलिव्हेटरला जोर येतो आणि फ्लटरचं एक कारण कमी होतं. टेपच्या चार रुपयांत एवढं दुसरं काही मिळत नाही.

हॉर्न

हॉर्नखाली नुसता बाल्सा असेल तर बोल्ट आवळताना तो दबतो, आणि दबलेल्या जागी पुढे ढिलाई येते. तिथे १२ मिलिमीटरचा टणक लाकडी दांडा आरपार चिकटवा, तो घासून सपाट करा आणि त्यातून एम३ बोल्ट घाला. एलिव्हेटरला हॉर्न वरही हवा आणि खालीही, कारण दोन्हीकडून केबल येणार. भोक बरोबर बिजागरीच्या रेषेवर यायला हवं. रडरसाठी मात्र एक बारकावा आहे, तो केबलबरोबर सांगतो.

केबल

नायलॉनचं वेष्टण असलेली पोलादी तार घ्या. हॉबीच्या दुकानात नसेल तर मासे धरायचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. टोकाला तांब्याची छोटी नळी वापरायची. तार नळीतून न्या, जोडणीच्या भोकातून फिरवून परत नळीत आणा, टोक वळवून पुन्हा एकदा नळीतून काढा आणि मग पकडीनं नळी तीन ठिकाणी दाबा. वर सीएचा एक थेंब. प्रत्येक केबल बॅगेच्या काट्याला लावून ओढून बघा. सरकली तर नळी नीट दाबलेली नाही.

रडरच्या दोन केबल विमानाच्या आत एकमेकींना ओलांडून नेल्या, म्हणजे सर्व्होची डावी बाजू रडरच्या उजव्या हॉर्नला, तर त्या बाहेर पडताना जास्त सरळ निघतात आणि बाजूच्या पातळ लाकडाला घासत नाहीत. जिथे ओलांडतात तिथे एकमेकींवर घासत नाहीत ना, ते बघा. दिशा उलटी होते, ती पुढे रेडिओत फिरवता येते.

आता तो बारकावा. सर्व्होच्या आर्मची (त्याच्या फिरणाऱ्या दांडीची) दोन भोकं आणि रडरच्या हॉर्नची दोन भोकं सारख्या अंतरावर असली, आणि हॉर्नची भोकं बिजागरीच्या रेषेवर असली, तर समांतरभुज चौकोन तयार होतो. रडर कुठेही गेला तरी दोन्ही केबलचा ताण सारखाच राहतो. हॉर्नची भोकं रेषेच्या किंचित मागे गेली, तर ओढणारी केबल ताणलेली राहते आणि दुसरी थोडी सैल पडते. हे चालतं, मला तर तेच आवडतं. पण भोकं रेषेच्या पुढे, सर्व्होच्या बाजूला गेली, तर रडर वळेल तशा दोन्ही केबल एकमेकींविरुद्ध ताणत जातात. सर्व्हो गुरगुरतो, तापतो, आणि एखाद्या दिवशी जळतो. तुमच्या केबल मध्यावर ठीक आणि टोकाला ताठ होत असतील, तर दोष बहुधा इथेच सापडेल.

मध्यावर केबल किती ताणायची? तंबोऱ्याच्या तारेसारखी नाही. बोटानं दाबली तर जराशी दबावी, पण रडर हातानं हलवला तर हलू नये, एवढी. जास्त ताणली तर सर्व्होच्या बेअरिंगवर कायमचा भार येतो, आणि उन्हात लाकूड व पोलाद वेगवेगळे प्रसरण पावतात तेव्हा तो आणखी वाढतो.

एलिव्हेटरचे सर्व्हो आडवे झोपवा, म्हणजे त्यांचा आर्म उभ्या पातळीत फिरेल. वरची केबल वरच्या हॉर्नला, खालची खालच्या. बाकी हिशेब तोच.

फिनच्या ताणतारा आणि मागचं चाक

खऱ्या कबच्या शेपटीला वर-खाली तारा असतात. मॉडेलवर त्या नुसत्या शोभेच्याही लावतात. मी खऱ्या लावतो, कारण त्यांनी स्टॅबची टोकं थरथरायची थांबतात. आधी चारही तारा ढिल्या जोडा, मग प्रत्येकीला पाव-पाव फेरा देत जा. एकच तार पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात तर शेपूट तिच्या बाजूला ओढली जाते आणि सगळं मोजमाप वाया जातं. आवळून झालं की दोरा आणि ओळंबा पुन्हा लावा. हे टाळायची इच्छा होते. टाळू नका.

मागचं चाक विमानाच्या शरीराला पक्कं करा आणि रडरला फक्त दोन स्प्रिंगांनी जोडा. चाक रडरला थेट जोडलं तर जमिनीवरचा प्रत्येक दगड थेट सर्व्होच्या दातांवर आदळतो.

आर्मची लांबी: फुकटात ताकद

समजा सर्व्हो २० किलो-सेंटिमीटरचा आहे आणि हॉर्नची उंची ३८ मिलिमीटर. आर्मही ३८ चा लावला, तर एलिव्हेटरपर्यंत २० च पोचतात. वर हालचाल जास्त होते म्हणून तुम्ही रेडिओत एंडपॉइंट (सर्व्होच्या हालचालीची मर्यादा) निम्म्यावर आणता. आता आर्म २५ मिलिमीटरचा लावा. एलिव्हेटरला ३० च्या वर ताकद मिळते, आणि सर्व्होच्या दातांत एक अंश ढिलाई असेल तर ती एलिव्हेटरवर दोन तृतीयांश अंशच दिसते. सर्व्हो ४५ अंश फिरला की २५ चा आर्म एलिव्हेटरला जवळपास २८ अंश देतो, कबला त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरतं. थोडक्यात, आर्म शक्य तेवढा आखूड, हॉर्न शक्य तेवढा उंच, आणि सर्व्होचा फेरा पूर्ण वापरायचा. केबलवर मात्र वर सांगितलेला समांतरभुज चौकोन मोडतो, आर्म आणि हॉर्न वेगळे असले की सैल बाजू थोडी-फार बदलते. कबच्या छोट्या कोनांत ते जाणवत नाही. टोकाला ताठ होत नाही ना, एवढं बघा.

प्लास्टिकचा आर्म नको, अ‍ॅल्युमिनियमचाच घ्या.

आणि आता रेडिओ

नवं मॉडेल उघडा. सगळे ट्रिम आणि सबट्रिम शून्यावर. आर्म काढून सर्व्हो चालू करा, मध्यावर येऊ द्या, मग आर्म केबलला काटकोनात बसेल असा लावा. २५ दातांच्या सर्व्होवर एक दात म्हणजे १४.४ अंश, त्यामुळे नेमका काटकोन पहिल्या फटक्यात क्वचितच मिळतो. जवळात जवळचा दात निवडा, उरलेलं सबट्रिमनं करा. सबट्रिम इथेच वापरायचा, आणि तोही चिमूटभर. एलिव्हेटर मध्यावर आणण्यासाठी केबलची लांबी बदला, सबट्रिम नाही.

दोन्ही एलिव्हेटर जुळवायला प्रत्येकाच्या आतल्या कडेला एकेक सरळ पट्टी क्लिपनं लावा, दोन्ही पट्ट्या मागे निघून शेजारी शेजारी येतील अशा. मध्यावर, पाव, निम्मी आणि पूर्ण काठी, वर आणि खाली, प्रत्येक जागी पट्ट्यांची टोकं जुळायला हवीत. टोकाला जुळतात पण निम्म्यावर नाही, असं झालं तर दोन्ही बाजूंचे आर्म किंवा हॉर्न सारखे नाहीत. रेडिओ सोडा आणि पट्टी घेऊन पुन्हा मोजा.

पहिल्या उड्डाणाला माझे आकडे असे: एलिव्हेटर वर-खाली १५ अंश, रडर दोन्हीकडे २५. एलिव्हेटरची रुंदी १० सेंटिमीटर असेल तर मागच्या कडेला २६ मिलिमीटर होतात. रडर कबला उदार हातानं द्या. हे विमान फक्त एलेरॉनवर (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पाट्यांवर) वळवलं तर नाक आधी उलट्या बाजूला जातं, रडरशिवाय त्याचं वळण बघवत नाही. एक्स्पो (काठी मध्याजवळ असताना हालचाल मऊ करणारी सेटिंग) २५ ते ३० टक्के, आणि चिन्ह तपासून. फुटाबामध्ये मध्य मऊ करायला उणे द्यावं लागतं, स्पेक्ट्रममध्ये अधिक. मित्राचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेतल्यानं पहिल्या उड्डाणातच घाम फुटलेले लोक मी पाहिले आहेत.

काठी पूर्ण टोकाला धरा आणि कान द्या. सर्व्हो टोकाला गुणगुणत राहिला तर कुठेतरी अडतोय.

तोलबिंदू शेवटी, सगळं बसल्यावर, टाकी रिकामी ठेवून. क्वार्टर स्केल कबच्या पंखाची रुंदी ४० सेंटिमीटर. पुढच्या कडेपासून १० ते १२ सेंटिमीटरवर, दोन्ही बाजूंना बोटांवर उचलून, विमान आडवं किंवा नाक जरासं खाली राहायला हवं. शेपूट खाली जात असेल तर शिसं शोधण्याआधी बॅटऱ्या पुढे सरकवा.

माळावर

पावसाळ्यात गॅलरीत ठेवलेलं विमान दसऱ्याला बाहेर काढलंत, तर आधी फिल्म बघा. दमट हवेनं ती सैल पडलेली असते आणि बाल्सा किंचित वळलेला असतो. एलिव्हेटरवरची सैल फिल्मही फडफडते. इस्त्री फिरवून ती ताणा, पण तिच्या ताणानं एलिव्हेटरला पीळ बसला नाही ना, ते मागून एक डोळा मिटून बघा.

पहिलं उड्डाण शांत हवेत, अर्ध्या थ्रॉटलवर, सूर न मारता. उंचीवर ट्रिम करा, दहा मिनिटांनी उतरा. ट्रिम जेवढा लागला तेवढी केबल किंवा बॉल लिंक (जोडणीच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) फिरवून एलिव्हेटर त्या जागी आणा आणि रेडिओचा ट्रिम पुन्हा शून्यावर न्या. विमान सरळ ठेवायला एलिव्हेटर बराच खाली धरावा लागत असेल, तर स्टॅबची पुढची कड थोडी उचलायची, एका वेळी एक मिलिमीटर.

‘घर्रर्र’ ऐकू आलं तर लगेच थ्रॉटल बंद. नाक हलकेच वर, वेग मरू द्या आणि रुंद वळणानं उतरा. आवाज थांबला म्हणून आणखी एक फेरी मारू नका. उतरल्यावर एलिव्हेटरची कड दोन बोटांत धरा, मग हॉर्नची भोकं, मग बिजागऱ्या, मग केबलच्या नळ्या. काहीच सापडलं नाही तर विमान गाडीत घाला आणि घरी बॅगेच्या काट्यानं सुरुवातीपासून बघा.

पहिली दहा उड्डाणं होईपर्यंत प्रत्येक वेळी ताणतारांचे नट तपासा. त्या हमखास सैल होतात.